लोंढ्याला जाताना

पावसाळ्यात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या गोंयकाराला सगळ्यात मोठी धास्ती कसली असेल, तर ओलीची. जून लागला की आपल्याकडे कपाटातले पट्टे, चपला, लग्नातला कोट, सगळ्यांवर पांढुरकी बुरशी चढते. तशीच ती लेन्सच्या आतही चढते. आधी कोळिष्टकासारखे दोनचार तंतू, मग जाळं. काचेवरचा लेप एकदा तिने खाल्ला की दुरुस्तीवाला काच पुसून देईल, लेप कुठून आणणार?

हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की ही बया सुखाने नांदते. लेन्सना चाळीस ते पन्नास टक्के मानवतात. विजेवर चालणारी कपाटं मिळतात, पण कारकुनाच्या पगारात मी रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावर भागवतो. जेलचा रंग बदलला की ते पुन्हा सुकवायचं. निळं जेल मात्र स्वयंपाकाच्या कढईत तापवू नये, त्यात कोबाल्ट असतं. आणि लेन्सबरोबर येणारी ती देखणी चामड्याची म्यानं? ती शोकेसमध्ये ठेवा. चामडं ओल धरून ठेवतं.

हे पुराण सांगायचं कारण, मी ज्या गावी वरचेवर कॅमेरा घेऊन जातो ते लोंढा. खानापूर तालुक्यातलं, बेळगाव जिल्ह्यातलं. आईचं माहेर. तिथला पाऊस आपल्या पावसाला धाकटा भाऊ म्हणत असेल.

पिशवीत काय न्यावं ह्यावर हौशी मंडळींत फार वाद होतात. मी तीन लेन्स नेत असे, आता दोन नेतो. एक १८-५५, कॅमेऱ्याबरोबर आलेली, जिला सगळे नावं ठेवतात आणि जिच्यावर सगळ्यांचे निम्मे फोटो निघालेले असतात. दुसरी ५० मिमी, एफ १.८. हलकी, स्वस्त, आणि रानातल्या अंधारात हिच्यासारखी सोबतीण नाही. ७०-३०० घरीच राहते. घाटातल्या पावसाळी उजेडात तिच्यावर शटरचा वेग मिळत नाही, आणि धनेश पक्षी काही गाडीच्या वेळापत्रकाप्रमाणे समोर येऊन बसत नाही.

तिपाईही नेत नाही. त्याऐवजी कापडी पिशवीत किलोभर उकडे तांदूळ भरतो, तोंड शिवतो आणि गाडीच्या खिडकीत टेकण म्हणून ठेवतो. कॅमेरा त्यावर कसा बाळासारखा निजतो! लोंढ्याला पोचल्यावर मामी टाके उसवते आणि टेकणाचा भात होतो. सुकी सुंगटं आणि सोलं तिच्यासाठी न्यावी लागतातच, पण ती दुसऱ्या पिशवीत, दुसऱ्या फळीवर. ह्या एका नियमाला अपवाद नाही.

मडगावला बसलं की कुळ्यापर्यंत कॅमेरा काढायचा नाही. तिथून घाट सुरू होतो. कॅसलरॉकपर्यंत ३७ फुटांमागे एक फूट असा चढ, गाडीला मागून रेटायला जादा इंजिनं लावावी लागतात. पोर्तुगीज आणि इंग्रज सरकारांमधल्या १८७८च्या करारातून ही वाट निघाली आणि १८८८च्या सुमारास गाड्या धावू लागल्या. १९६१पर्यंत कॅसलरॉक हे सरहद्दीचं स्टेशन. मामाच्या लहानपणी गोवा म्हणजे ‘पलीकडचं राज्य’ होतं.

वातानुकूलित डब्यातून हा घाट टिपायला जाऊ नये. थंड काच बाहेरच्या दमट हवेत आली की क्षणात धुकं धरते, आणि पुसावं तर पुन्हा धरते. साध्या शयनयानात बसावं. बोगदे येत-जात असल्याने कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मापनाची त्रेधा उडते. उजेड हाताने ठरवून ठेवावा आणि शटर १/५००च्या खाली नेऊ नये. दूधसागराचं पाणी रेशमासारखं दिसायला हवं तर शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं, ते चालत्या गाडीतून व्हायचं नाही. ३१० मीटरवरून पडणारं पाणी थोडं खरखरीत दिसलं तर बिघडलं काय? जुलै २०२३मध्ये रुळांवरून चालत धबधब्याकडे निघालेल्या लोकांना रेल्वे पोलिसांनी अडवलं, उठाबशा काढायला लावल्या, त्यावर बराच गदारोळ झाला. शिक्षेबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, पण बोगद्यात गाडी समोर आली तर उभं राहायला जागा नसते, हे मामाकडून मी लहानपणापासून ऐकत आलोय.

मामा रेल्वेत होता. नोकरीचा बहुतेक काळ लोंढा जंक्शनवर. त्याच्याकडे एक आग्फा क्लिक थ्री होता, बडोद्याला बनत असे तो साधा डबडा कॅमेरा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. त्यावर त्याने सत्तर-ऐंशीच्या दशकांतलं मीटरगेजचं लोंढा टिपलं: पाणी भरणारं वाफेचं इंजिन, गँगमनची टोळी, फलाटावर ताटकळलेली वऱ्हाडं, शिमग्याला गोव्याकडे निघालेले लोक. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आलं आणि त्यातलं बरंचसं उखडलं गेलं. प्रिंट वाटून संपले. उरल्या त्या निगेटिव्ह, पत्र्याच्या ट्रंकेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. फिल्मवरचं जिलेटिन म्हणजे बुरशीला पंचपक्वान्नच.

गेली दोन वर्षं मी लोंढ्याला जातो तो ह्या ट्रंकेसाठी. बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्याने धुवायची नाही, हे आधी वाचून ठेवलं होतं. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रच वाहून जातं. म्हणून मऊ ब्रशने धूळ तेवढी झटकतो. ५० मिमीच्या मागे १२ मिमीची एक्स्टेंशन ट्यूब लावली की सहा सेंटिमीटरचा चौकोन पुरा भरतो. खाली टॅबलेटचा पांढरा पडदा, त्याच्या चारपाच सेंटिमीटर वर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, नाहीतर पडद्याचे ठिपके फोटोत उतरतात. काळ्या पुठ्ठ्याची चौकट मामीच्या कात्रीने कापलेली. पांढऱ्या-काळ्याची उलटापालट संगणकावर. झालेल्या निगेटिव्ह कागदी पाकिटात, सिलिका जेलसकट डब्यात. एकशे चाळीसपैकी नव्वद झाल्या. सातआठ अशा निघाल्या की त्यांत माणसाच्या जागी बुरशीची नक्षी तेवढी आहे.

फोटो काढणं सोपं आहे. अवघड आहेत ती नावं. मामा आता ऐंशीच्या घरात, काचबिंदूने एक डोळा गेलेला. लॅपटॉपवर मी चेहरा मोठा करतो, तो दुसरा डोळा जवळ आणतो आणि सांगतो: हा हुबळीचा फायरमन, कन्नड बोलायचा पण भजन मराठीतलं म्हणायचा. ही पोर्टराची बायको, हिच्या हातची भाकरी अख्ख्या ड्युटीने खाल्ली. मी वहीत लिहून घेतो. ट्रंकेवर एकही नाव लिहिलेलं नाही. कुणाला वाटलं होतं लागेल म्हणून? आईला विचारावं तर ती लग्न होऊन लवकर गोव्यात आली, तिला इंजिनांपुढची माणसं आठवत नाहीत.

मागच्या खेपेला एका निगेटिव्हवर आम्ही अडलो. सिग्नलच्या खांबाला टेकून उभा एक तरणा माणूस, हातात कंदील, दात दाखवून हसतोय. मामा बराच वेळ बघत राहिला.

“माझ्याबरोबर रातपाळी केलीय ह्यानं. नाव आठवंना झालंय बघ.”

मामी स्वयंपाकघरातून हात पुसत आली, वाकून बघितलं. “तिनईघाटचा न्हवं का? त्यो कानामागं विडी ठेवायचा.”

कानामागे खरंच विडी होती. नाव मात्र तिलाही येईना. तिनईघाटला मामाच्या वेळचा एक निवृत्त गार्ड अजून आहे म्हणतात. दिवाळीनंतर, उजेड बरा झाला की, प्रिंट घेऊन त्याच्याकडे जायचं ठरलंय. मामाही यायचं म्हणतोय. तेव्हा एकच लेन्स पुरेल, एक हात त्याला धरायला मोकळा हवा.