शिकामो

किलिमांजारोच्या दक्षिण उतारावर, केळी आणि कॉफीच्या बागांत, एक लहानसा दवाखाना. टांझानियात तिथे मी पाच आठवडे स्वयंसेवक म्हणून राहिले. पहिला शब्द शिकले तो 'शिकामो'. वडीलधाऱ्यांना भेटल्यावर असंच म्हणायचं. त्याचा अर्थ सांगतात तो, 'पाय धरते तुमचे'. समोरून 'मराहबा' आलं की मग पुढचं बोलणं. मी फिजिओथेरपिस्ट, पाय धरणं हा माझा धंदाच. म्हटलं, बरं झालं, नमस्कार आणि उपचार एकाच शब्दात उरकतील.

दवाखान्यात येणाऱ्या एक बाई साठीच्या असाव्यात. मोटारसायकलच्या धडकेत मांडीचं हाड मोडलेलं. ऑपरेशनची सोय नसली की पायाला वजन लटकवून माणसाला सहा-आठ आठवडे खाटेवर ठेवतात. हाड जुळतं, पण तोवर गुडघा आखडून बसतो. त्यांचा सत्तर अंशांपलीकडे वाकत नव्हता. स्वाहिलीत गुडघ्याला 'गोटी' म्हणतात. वाटी अंगठ्याने सरकवून पाहिली, तर ही गोटी जागची हलेना.

युरोपातून आलेली माझी सहकारी म्हणाली, नव्वद झाले की पुरे. खुर्चीवर बसायला पुरतातही. पण बाईंच्या घरी खुर्ची पाहुण्यांसाठी. चूल जमिनीवर, तीन दगडांची. संडास म्हणजे खड्ड्यावरची फळी. उकिडवं बसायचं तर गुडघा सव्वाशेच्या पुढे वाकायला हवा. हे मला पुस्तकाने नाही, वाईजवळच्या आमच्या आजीने शिकवलं. गुडघे गेल्यावर तिने दिवेलागणीनंतर पाणी पिणं सोडलं होतं. रात्री परसाकडे जायला लागू नये म्हणून. आम्हाला ते ध्यानात यायला वर्ष गेलं.

व्यायामाला यंत्र नव्हतं, खांगा होता. काठावर एखादी म्हण छापलेलं, बायका नेसतात ते सुती कापड. घोट्याला त्याचा फास अडकवायचा, दोन्ही टोकं हातात धरायची आणि टाच हळूहळू स्वतःकडे ओढायची. याच खांग्यात पोरं पाठीवर बांधलेली असतात, फेंगड्या पायांनी, आईच्या कमरेला विळखा घालून. खुब्याच्या सांध्याला याहून चांगली बैठक मलाही सुचवता आली नसती.

एकदा मी त्यांना 'सा टाटू', तीन वाजता, यायला सांगितलं आणि सकाळी दुसऱ्या गावच्या फेरीला गेले. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक, नऊ म्हणजे तीन. आपलं जुनं पंचांगही घटका अशाच मोजायचं, पण ते कुणाच्या लक्षात असतं! दुपारी तीनला परतले तर बाई आंब्याखाली बसलेल्या. न वाकणारा पाय पुढे पसरलेला, मांडीवर घडी घातलेला खांगा. नऊपासून. मी माफी मागायला तोंड उघडलं, त्याआधी माझ्या धुळीने भरलेल्या चेहऱ्याकडे पाहून त्याच म्हणाल्या, 'पोले.' थकल्याभागल्याला, दुखल्याखुपल्याला तिथे हाच शब्द. यात चूक कुणाची, हा प्रश्नच नसतो.

पाचव्या आठवड्यात कोनमापक एकशे पाचवर आला. पुढचं काम पायथ्याच्या मोशी शहरात शिकलेल्या तिथल्या फिजिओच्या हाती. त्याला मी काही शिकवलं असं म्हणवत नाही. आखडलेले गुडघे त्याने माझ्याहून कितीतरी जास्त पाहिले होते.

निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी चहाला बोलावलं. दाराची चौकट धरून, चांगल्या पायावर सगळा भार टाकून आणि दुखरा पाय तिरका पुढे फेकून त्या चुलीपाशी खाली बसल्या, फुंकर घालायला. मी शिकवलं होतं त्यातलं एकही त्यात नव्हतं. मी पाहतेय हे त्यांना कळलं. राखेने पांढुरक्या झालेल्या भुवया उंचावून त्यांनी विचारलं, ''उद्या सा टाटूला येऊ? तुमच्या की आमच्या?''

उद्या मी नव्हतेच. चहात आलं मात्र झकास उतरलं होतं.