सागाच्या मुलखातलं प्लाय

घरासाठी सागाची एक चौकट करून घ्यायची होती. मुंबईत लाकडाच्या वखारी आहेतच, पण जिथे साग उगवतो तिथे तो कसा घडवतात हे पाहावं म्हणून कसाऱ्याची लोकल पकडली आणि आसनगावला उतरलो. रूळ इथवर 1860 मध्ये पोचले. स्टेशनाबाहेर पडलं की माहुलीचे सुळके समोर येतात. मग शेअर रिक्षात कोंबून बसायचं की आलंच शहापूर.

पेठेत चक्कर मारली. भोवती सागा-ऐनाची राने, तानसा अभयारण्याची हद्दही याच तालुक्यात; आणि दुकानांत रचलेलं काय, तर प्लाय, सनमायका, फ्लश डोअर. लग्नाचा रुखवत असो की नवं घर, बरीच मंडळी कपाट-पलंगासाठी थेट उल्हासनगरचा फर्निचर बाजार गाठतात. त्यांना नावं कशाला ठेवायची? तयार कपाट संध्याकाळी घरात येतं. सुताराकडे महिनाभर खेटे घालावे लागतात.

मुरबाडच्या रस्त्याने सापगावकडे निघालो. भातसेच्या पुलावर थांबून पात्र पाहिलं. मुंबईची बरीचशी तहान याच नदीच्या धरणावर भागते. गावात विचारत विचारत पत्र्याच्या एका शेडपाशी पोचलो. आत बाप-लेक काम करत होते. मुलाच्या हातात विजेचा रंधा, तर बाबा जमिनीवर बसून, फळी पायाच्या अंगठ्याने दाबून पटाशी चालवत होते. इकडच्या जुन्या सुताराला कामाला टेबल लागत नाही, त्याचे पाय हाच त्याचा शिकंजा.

भिंतीला वाकस, करवत, गिरमिट, किंकरे, लाकडी रंधे. एका रंध्याची मूठ हाताच्या घामाने काळी गुळगुळीत झालेली. मी पातं बोटाने चाचपू लागलो तसे बाबा हसले, "जपून, रात्रीच धार लावलीय. सागाला धार टिकत नाही." खरंच आहे ते. सागात सिलिका असते, तिने पोलाद झिजतं. उलट त्याच लाकडातलं तेल वाळवीला जवळ येऊ देत नाही. मग त्यांनी करवतीचे दात दाखवले. एक किंचित डावीकडे वाकवलेला, पुढचा उजवीकडे. त्यामुळे खाच पात्यापेक्षा रुंद पडते आणि करवत लाकडात अडकत नाही. कानस घेऊन हे दात लावत बसणं हे अर्ध्या दिवसाचं काम. मुलगा म्हणाला, "आता कोण बसतं, दादा? पातं बदलायचं, मोकळं व्हायचं." मला दोघांचंही पटलं.

बाबांच्या वडिलांच्या वेळी पावसाआधी नांगर-जू घेऊन कुळं दारात रांग लावत आणि खळ्यावर भात घालत. ते बलुतं गेलं. सांधे जोडायला तेव्हा सरस उकळावा लागे, त्याचा वास आळीभर पसरे. फेविकॉल आला 1959 मध्ये, आणि हळूहळू सरसाचं भांडं कोपऱ्यात पडलं. पण चौकटीचं कुसू ते अजून पटाशीनेच साळीत बसवतात आणि वर लाकडी खुंटी ठोकतात. गोंद सुटला तरी खुंटी सोडत नाही, हे त्यांचं म्हणणं.

2023 च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत सुतारही आहेत. हत्यारांसाठी 15,000 रुपये मिळतात. पैसे येतील, हत्यारंही येतील. लाकडाचं काय, हा प्रश्न राहतो. बांधावरचा स्वतःचा साग तोडायचा तरी वनखात्याची परवानगी हवी, हलवायचा तर वाहतूक पास हवा. एवढी धावपळ करून चार घनफूट लाकूड आणण्यापेक्षा सुतार प्लायच्या दुकानात जातो, यात नवल नाही. जंगल वाचावं म्हणून केलेले नियम योग्यच आहेत. मात्र लहान सुतारासाठी ते सोपे करायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुपारी किन्हवलीवरून सरळगाव गाठलं, तिथून मुरबाडची एसटी. याच मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, बैलांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी तिचं नाव. तिथली अवजारं पाहायला मी त्या वेळी पुन्हा येणार आहे.

चौकटीचं काम मी बाबांनाच दिलं. तुम्हीही कधी साग घेणार असाल तर भाव विचारण्याआधी लाकडाचा पास बघायला मागा. आणि सुताराने उन्हाळ्याची तारीख दिली तर घाई करू नका, लाकूड वाळायला वेळ लागतो.