आत्तीच्या खुराड्यातली रात्र

बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याला लागलं, की पिरनवाडी आणि किणये मागे पडतात आणि शहराची गडबड हळूहळू विरत जाते. कुसमळीला मलप्रभा ओलांडली की रान दाट होऊ लागतं. याच रस्त्यावर पुढे कणकुंबीला या नदीचा उगम. खाली सौंदत्तीजवळ नवीलुतीर्थाच्या धरणात तिचं केवढं पाणी साठतं. पण इथं ती ओढ्यापेक्षा थोडीशीच मोठी. जांबोटीच्या अलीकडे एका फाट्यावर उतरायचं आणि काजूच्या झाडांमधून तांबड्या वाटेनं अर्धा तास चालायचं, की माझ्या आत्तीचं घर येतं.

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले होते. मिरग तोंडावर आला होता. कौलं चाळून झाली होती, जळण आत भरलं होतं, हवेत पावसाआधीची ती चिकट ऊब होती. एरवी फाटक उघडलं की आधी कोंबड्यांचा कलकलाट होतो आणि मागून आत्तीचा आवाज येतो. या खेपेला अंगण गप्प होतं. कोंबड्या पेरूच्या झाडाखाली पंख सोडून बसल्या होत्या. तुरे फिक्के पडले होते.

"रात्री खुराड्यात जाईनात बघ गे," आत्ती म्हणाली. "संध्याकाळ झाली की पेरूवर चढतात. खुडूक बसवली होती अकरा अंड्यांवर, ती पण बाराव्या दिवशी उठून गेली. एकवीस दिवस कधी मोडले न्हाईत माझ्या कोंबडीनं."

आत्तीच्या घरी शेती आहे, दादा बेळगावला कामाला जातो. पण अंड्यांचे पैसे आत्तीचे स्वतःचे. मामा गेल्यापासून तिनं कुणापुढे हात पसरला नाही, तो या वीस-पंचवीस कोंबड्यांच्या जिवावर. खुराडंही मामांनीच केलेलं, फणसाच्या फळ्यांचं, बसायला आत दोन आडवे दांडे. तिला आधी मानमोडीची धास्ती वाटली होती. पण मानमोडी आली असती तर दोन-चार दिवसांत निम्म्या कोंबड्या गेल्या असत्या. इथं मरत कुणी नव्हतं, सगळ्या नुसत्या सुकत चालल्या होत्या.

दुसरा संशय ती माझ्यासमोर बोलली नाही. स्वयंपाकघरात गेल्यावर मला तो कळला. वहिनी बैलहोंगलची, कन्नड घरातली. चैत्रात ती माहेरहून दोन गिरिराज कोंबड्या घेऊन आली होती. कर्नाटकातच तयार केलेली ही जात. अंगानं थोराड, आपल्या गावठी कोंबडीसारखीच मोकळी फिरणारी. "त्या आल्या आणि हे सुरू झालं, असं अत्ते म्हणतात," वहिनी हळूच म्हणाली. कन्नडात 'अत्ते' म्हणजे आत्याही आणि सासूही. एकाच माणसाला आम्ही दोघी जवळजवळ एकाच शब्दानं हाक मारतो. पण त्या दिवशी आत्ती माझी होती आणि अत्ते तिची, एवढा फरक त्या घरात जाणवत होता. दोन महिने दोघींचं बोलणं कामापुरतंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोंबडी पिशवीत घालून आम्ही तिघी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर गदगकडचे, कन्नड बोलणारे. त्यांनी पंखाखाली पाहिलं, शेपटीच्या मुळाशी पिसं उलटून पाहिली, पापणी ओढून आतला फिक्का रंग पाहिला. अंगावर काही नव्हतं. मग म्हणाले, "नुसि इरबेकु."

नारळाला नुसि लागते हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मी आत्तीला मराठीत सांगितलं, "कोळी झालेत म्हणतात, लाल कोळी."

"कोळीला कोळी?" आत्ती म्हणाली. कन्नडात कोळी म्हणजे कोंबडी. दोन भाषांच्या घरात असं होणारच. डॉक्टरांसकट सगळे हसलो. पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते मी तसंच लक्षात ठेवलं आहे : "कोळी मै मेले अल्ल, गूडिनल्लि." कोंबडीच्या अंगावर नाही, खुराड्यात.

उवा कोंबडीच्या अंगावरच राहतात, पिसं उलटली की दिवसाही दिसतात. काही जातींचे कोळीही अंगावरच मुक्काम करतात. हा लाल कोळी मात्र दिवसभर लाकडाच्या फटीत, दांड्याच्या टोकाशी, डालग्याच्या विणीत लपून बसतो. रात्री कोंबड्या झोपल्या की बाहेर येतो, रक्त पितो आणि उजाडायच्या आत परत फटीत जातो. म्हणून दिवसा कोंबडी तपासली तर हाती काही लागत नाही. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला याला साधारण आठवडा पुरतो. आणि खुराडं रिकामं ठेवून तो उपाशी मरेल म्हणावं, तर रक्ताशिवायही तो कित्येक महिने तग धरतो. खुडूक कोंबडी रात्रंदिवस एका जागी बसलेली, म्हणून तिचे हाल सगळ्यांत जास्त. ती उठून गेली यात तिची काही चूक नव्हती.

"आज रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा आणि बघा," डॉक्टर म्हणाले.

रात्री पेरूवरच्या चार कोंबड्या उतरवून आम्ही खुराड्यात बसवल्या आणि दोन तासांनी गेलो. दादानं बॅटरी धरली. दांड्याच्या खालून मी पांढरं फडकं फिरवलं, तर फडक्यावर तांबडे डाग उठले. मग नीट दिसायला लागलं. मोहरीच्या दाण्याहून बारीक ठिपके, पोट भरलेले लाल, उपाशी ते राखाडी, फळीच्या सांध्यातून ओळीनं वर चढत होते. सांध्यांपाशी पांढुरकी भुकटी साठली होती. आत्ती दर आठवड्याला चुलीतली राख टाकते, म्हणून ती तिला राखच वाटली होती. ती होती त्यांची टाकलेली कात आणि विष्ठा. आत्तीच्या हातांना महिनाभर खाज येत होती, तिचंही कारण तेच. हा माणसालाही चावतो. फक्त माणसाच्या अंगावर राहत नाही.

सकाळी आम्ही खुराडं अंगणात ओढलं. आतला गवत-पाला परड्यात नेऊन जाळला. दांडे काढले, फळ्या तारेच्या ब्रशनं खरवडल्या, धुण्याचा सोडा घातलेलं उकळतं पाणी प्रत्येक फटीत ओतलं आणि दिवसभर उन्हात तापवलं. शेजारच्या एकानं भाताच्या शेतात मारायची पूड आणून दिली होती, "कोंबड्यांना चोळा, एका दिवसात साफ." ती वहिनीनं परत पाठवली. डॉक्टरांनी बजावलंच होतं : शेतातलं औषध कोंबडीच्या अंगावर गेलं, तर ते अंड्यात उतरतं आणि अंडं आपल्याच ताटात येतं. त्यांनी दिलेलं औषध रिकाम्या खुराड्याच्या लाकडावर मारायचं होतं, तोंडाला फडकं बांधून. दाणा-पाणी लांब ठेवून आणि लाकूड पूर्ण वाळल्यावरच कोंबड्या आत सोडायच्या. किती दिवस अंडी खायची-विकायची नाहीत तेही त्यांनी लिहून दिलं होतं. औषधानं कोळ्यांची अंडी मरत नाहीत, म्हणून आठवड्यानं परत, आणि त्यानंतर आठवड्यानं आणखी एकदा. बहुतेक घरी पहिल्या फवारणीनंतर बरं वाटलं की लोक थांबतात, आणि महिन्याभरात सगळं परत येतं.

म्हाताऱ्या कोंबड्याच्या पायावरचे खवले उचलून खडबडीत झाले होते, ते वेगळ्या जातीच्या कोळ्यांचं काम. हे खवल्यांच्या आतच घर करतात. त्यावर उपाय सोपा : कोमट साबणपाण्यात पाय भिजवून, हळूच पुसून खोबरेल चोपडायचं, काही आठवडे. खपल्या ओढून काढायच्या नाहीत. रॉकेल लावायची जुनी पद्धत आहे, पण त्यानं कातडी भाजते.

दुपारी वहिनीनं मागच्या खोपटातून तिच्या दोन गिरिराज कोंबड्या आणल्या. आणल्या दिवसापासून तिनं त्या वेगळ्याच ठेवल्या होत्या; तिच्या माहेरी नवी कोंबडी दोन-तीन आठवडे कळपात सोडत नाहीत. पुढे घरात बोलणी सुरू झाल्यावर त्या खोपटातच राहिल्या. दादानं तिथंही फडकं फिरवलं. पांढरंच राहिलं.

मग आत्ती स्वतः उठली आणि माळ्यावरून खुडूक बसवायचं डालगं खाली घेऊन आली. उन्हात आपटलं तशी विणीतून ती पांढुरकी भुकटी पडली आणि तिच्यातून लाल ठिपके पळाले. हे डालगं फाल्गुनात शेजारच्या वाडीत कोंबडी बसवायला दिलं होतं. परत आलं ते तिनं तसंच खुराड्यात ठेवलं. आत्ती बराच वेळ डालग्याकडे बघत राहिली. मग ते जाळात टाकून म्हणाली, "दिलं मीच, ठेवलं पण मीच." वहिनीकडे तिनं पाहिलं नाही. पण रात्री जेवताना म्हणाली, "त्या दोघी खोपटात कशाला? पंधरा दिवसांनी घाल गे सगळ्यांत."

खुराडंही जाळावं असं दादाचं म्हणणं होतं. आत्तीनं ऐकलं नाही आणि ते बरंच झालं. फक्त दांडे नवे घातले, सालं काढून गुळगुळीत केलेले, सहज निघतील असे. फटी बुजवल्या, आतून चुना मारला. राखेचा ढीग आता खुराड्याबाहेर, पडवीच्या कोरड्या कोपऱ्यात असतो. कोंबड्या त्यात लोळून अंग झाडतात. नव्या डालग्यात वहिनी निरगुडीचा पाला घालते. तिच्या माहेरी त्याला लक्की म्हणतात. तोही उपाय जुनाच, दोन्हीकडचा.

श्रावणात परत गेले तेव्हा मलप्रभा दोन्ही काठ भरून वाहत होती. फाटक उघडलं आणि आधी कोंबड्यांचा कलकलाट झाला. खुडूक नऊ पिल्लं घेऊन फिरत होती, त्यांतली सहा गिरिराजच्या अंड्यांची. रात्री जेवणं झाल्यावर दोघी बॅटरी आणि पांढरं फडकं घेऊन खुराड्याकडे निघाल्या. दर अमावास्येला आणि पुनवेला बघायचं, असा त्यांनी नेम केला आहे. फडकं वहिनीच्या हातात होतं, बॅटरी आत्तीच्या.