मागील बाकी

दिवाळीच्या अमावास्येला पहाटे शांतिनाथ भगवंतांच्या मंदिरात निर्वाण लाडू अर्पण करावा आणि सायंकाळी दुकानात नव्या वहीवर स्वस्तिक काढून 'शुभ-लाभ' लिहावे, हा रामटेकातील आमच्या घराचा परिपाठ आहे. दुसऱ्या दिवशी वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष उघडते. वहीच्या पहिल्या पानावर 'मागील बाकी' उतरवून घेताना त्या शब्दांचा विचार मात्र मी क्वचितच केला. तो करावयास लावला मुंबईतील एका चिनी मंदिराने.

मालाच्या खरेदीसाठी मुंबईस गेलो असता एका व्यापारी स्नेह्यांनी मला माझगावला नेले. दक्षिण चीनमधून जहाजांवर आलेल्या खलाशांच्या समाजाने १९१९ साली बांधलेले 'सी यूप' मंदिर तेथे आहे. वरच्या मजल्यावर क्वान कुंग यांचे स्थान आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा हा सेनानी. दिलेल्या वचनाला जागणारा, म्हणून चिनी व्यापारी त्याला आपले दैवत मानतात. चिनी नववर्षाची ती पूर्वसंध्या होती. लाल मेणबत्त्या तेवत होत्या, उदबत्त्यांचा धूर दरवळत होता आणि मोजकीच कुटुंबे नमस्कारासाठी येत होती.

तेथील एका वृद्ध गृहस्थांनी आपल्या चालीरीती सांगितल्या. त्यांचेही वर्ष चंद्राच्या गतीवर चालते; त्यांनाही अधिक महिना असतो. बहुधा आपल्या माघ शुद्ध प्रतिपदेच्या सुमारास त्यांचा पाडवा येतो. त्याआधी घर झाडून स्वच्छ करायचे, दाराशी लाल कागदावरील शुभवचने लावायची. पहिल्या दिवशी मात्र केरसुणीला हात लावायचा नाही, आलेले भाग्य झाडले जाऊ नये म्हणून. रात्री सारे कुटुंब एकत्र जेवते. लहानांना लाल पाकिटातून पैसे मिळतात. अनेक घरी पहिल्या दिवशी शाकाहारच असतो. पंधराव्या दिवशी, पौर्णिमेला, कंदिलांचा उत्सव होतो. हे ऐकताना मला दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी आमच्या गडावर पेटणारा त्रिपूर आठवला.

शेवटी ते म्हणाले, "आणि जुने देणे वर्ष संपण्यापूर्वी फेडायचे. नव्या वर्षात ते न्यायचे नाही."

मी निरुत्तर झालो. चार वर्षांपूर्वी आमच्या वृद्ध दिवाणजींच्या हिशेबात तूट निघाली. मी त्यांचा तीन महिन्यांचा पगार अडवला. ते मुकाट्याने घरी बसले. पुढच्याच वर्षी एका बेरजेतील चूक सापडली. ती माझ्या हातची होती. तरीही लाजेपोटी मी गप्प राहिलो. दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी गावभर 'उत्तम क्षमा' म्हणत हिंडलो, पण त्यांच्या गल्लीत पाऊल टाकले नाही. आणि दर दिवाळीला ती रक्कम निमूटपणे नव्या वहीत उतरवत राहिलो.

रामटेकला परतताच, दिवाळीची वाट न पाहता, मी त्यांच्या घरी गेलो. रक्कम पुढे ठेवून हात जोडले आणि चूक माझी होती, हे सांगितले. त्यांनी नोटा मोजल्या नाहीत. बराच वेळ ते अंगणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, पैशाचं राहू द्या. वहीत माझ्या नावापुढे 'तूट' लिहिली आहे, तिचं काय केलंत?"

त्याचा विचार मी केलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी ती जुनी वही घेऊन गेलो. त्यांच्या देखत ती नोंद लाल शाईने खोडली, बाजूला खरी बेरीज लिहिली आणि खाली माझी सही केली. त्यांनी चष्मा पुसून प्रत्येक आकडा तपासला, जसे ते माझ्या वडिलांच्या वेळी तपासत असत. मगच आतून चहा मागवला.

येत्या दिवाळीस वहीपूजनाला ते दुकानात येणार आहेत. नव्या वहीवरचे पहिले अक्षर त्यांच्याच हातचे असावे, एवढी माझी इच्छा आहे.