अकरा माणसे, तीन बेटे

यवतमाळ जिल्ह्यापासून समुद्र फार दूर आहे. जिल्ह्याच्या कडेने वर्धा वाहते, पैनगंगा वाहते, आणि त्यांचे पाणी गोदावरीच्या सोबतीने अखेर पूर्व समुद्राला मिळते. परंतु नदीला जी वाट सापडते ती माणसाला सापडतेच असे नाही. कळंब तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातील आजींची सत्तर वर्षे अशीच समुद्रावाचून गेली होती. पंढरपूरचे वाळवंट त्यांनी पाहिले होते, माहूरचा गड त्या चढल्या होत्या; समुद्र मात्र त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतच काय तो पाहिला होता.

२०१८ साल उजाडले आणि पुण्यास नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीने एक बेत मांडला. कोचीहून एक जहाज लक्षद्वीपला जात असे. प्रवास पाच दिवसांचा. पहिल्या दिवशी जहाजात बसावयाचे, मग तीन दिवस रोज एक बेट पाहावयाचे आणि पाचव्या दिवशी कोचीस परतावयाचे. रात्री मुक्काम जहाजावर, दिवस बेटावर. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही ती तीन बेटे. खर्चाचा मोठा वाटा आपण उचलू, असेही तिने सांगितले. त्या वर्षी कापसाने घराला फारसा हात दिला नव्हता, म्हणून आबाजी आधी नको म्हणाले. पण आजींच्या चेहऱ्याकडे पाहून ते पुढे काही बोलले नाहीत.

घरची माणसे मोजली तर अकरा भरली. आबाजी आणि आजी. बाबा आणि आई. काका आणि काकू. आत्या आणि तिचे यजमान. सातवीतली नात, तिचा तिसरीतला भाऊ आणि काकूंचे चौदा महिन्यांचे बाळ. एवढ्या माणसांचा बेत तोंडी राहीना, तेव्हा आबाजींनी एक कोरी वही नातीच्या हाती दिली. “लिहिणाऱ्याची आठवण पक्की राहते,” एवढेच ते म्हणाले.

वहीच्या पहिल्या पानावर तारखा आल्या. दिवाळीत कापूस वेचणीला आलेला असतो, तेव्हा घर सोडता येत नाही. पावसाळ्यात ही सहल बंद असते. शाळेची परीक्षा संपल्यापासून मेच्या मध्यापर्यंतचे थोडेसे दिवसच काय ते मोकळे. पुढे परवान्याचे कागद आले, कारण लक्षद्वीपच्या बेटांवर पाऊल ठेवण्यास परवाना लागतो. आजींची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. कागदावर ती १ जानेवारी होती. आबाजींचीही १ जानेवारीच निघाली, तेव्हा नातवाने दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी कसा, असे विचारून सर्वांना हसविले.

बाबा शिक्षक होते. त्यांनी तिन्ही बेटांचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकासारखे आखले. साडेनऊ ते साडेदहा मत्स्यालय, साडेदहा ते साडेअकरा नौकाविहार, असे रकानेच्या रकाने भरले. परंतु चौदा महिन्यांचे बाळ घंटा वाजली म्हणून झोपेतून उठत नाही आणि दुखरे गुडघे घंटा वाजली म्हणून चालू लागत नाहीत. शिवाय कोणते बेट कोणत्या दिवशी, हे हवा आणि जहाज ठरवणार होते. दोन दिवसांत ते वेळापत्रक मागे पडले.

मग नातीने निराळाच उद्योग आरंभिला. तिने प्रत्येकाला विचारले, “तिथे जाऊन तुम्हांला काय पाहायचे आहे?” भावाला मासे पाहावयाचे होते. बाबांना मिनिकॉयचे दीपगृह चढावयाचे होते. ते १८८५ साली बांधलेले आहे. काकांना मिनिकॉयची मासेमारी पाहावयाची होती, कारण तेथील कोळी गळ आणि काठी घेऊन एकेक करून कुपा मासा पकडतात, हे त्यांनी वाचले होते. आईच्या नावापुढची ओळ तीन दिवस कोरी होती. असे तिला कधी कोणी विचारलेच नव्हते, त्यामुळे उत्तर सापडण्यास तिला वेळ लागला. चौथ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, “लिही. एक तास वाळूत बसायचे आणि कोणी हाक मारायची नाही.” नातीने ते तसेच्या तसे लिहिले आणि खाली दोनदा रेघ ओढली.

आबाजींना विहीर पाहावयाची होती. याचे कारण त्या वर्षीच्या उन्हाळ्यात दडलेले होते. यवतमाळ शहराला पाणी पुरवणाऱ्या निळोणा आणि चापडोह या धरणांनी तळ गाठला होता आणि शहरात पाण्याची भीषण टंचाई होती. आबाजींच्या शेतातल्या विहिरीतही दोन हात गढूळ पाणी उरले होते. ज्याच्या चहूकडे खारे पाणी, त्या बेटावरची माणसे काय पितात, हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना.

नातीने त्याचा शोध घेतला. लक्षद्वीपची बेटे प्रवाळांची आहेत. प्रवाळ हे समुद्रातले सूक्ष्म जीव. त्यांच्या चुन्याच्या सांगाड्यांचे थर साचून कंकणाच्या आकाराची खडकरांग तयार होते आणि तिच्या आत उथळ, शांत पाण्याचे खाजण राहते. अशा बेटावर नदी नसते, ओढा नसतो. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी हलके असते. विहीर खणावयाची ती या तरंगत्या थरापुरतीच. भरती आली की विहिरीचे पाणी वर येते, ओहोटीबरोबर खाली जाते; आणि पंप लावून फार उपसा केला तर खालचे खारे पाणी वर चढते. हे ऐकून आबाजी बराच वेळ गप्प राहिले. त्यांच्या शिवारात कूपनलिकांची शर्यत लागलेली होती.

कवरत्तीला २००५ साली समुद्राचे पाणी गोडे करणारा एक प्रकल्प सुरू झाला. समुद्राच्या पृष्ठभागाचे कोमट पाणी निर्वात टाकीत सोडतात; तेथे ते उकळविल्यावाचूनच वाफ होते, आणि समुद्राच्या खोल भागातून आणलेल्या थंडगार पाण्याने त्या वाफेचे पुन्हा पाणी करतात. अशा रीतीने दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी मिळावे, अशी ती योजना. २०११ मध्ये असे प्रकल्प मिनिकॉय आणि अगत्ती या बेटांवरही झाले.

आणखी एक गोष्ट नातीला सापडली; ती मात्र तिने आबाजींना रात्री अंगणात बाजेवर बसून सांगितली. यवतमाळची काळी माती ज्या खडकापासून झाली, तो बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. भूगर्भातून तो लाव्हा जेथून उसळला, त्याच उष्ण स्थळावरून भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत राहिला आणि मागे समुद्राच्या तळाशी ज्वालामुखी खडकांची एक लांब रांग उमटत गेली. लक्षद्वीपचे पांढरे प्रवाळ त्या रांगेच्या माथ्यावर वाढलेले आहेत. आबाजींनी अंगणातली माती पायाच्या अंगठ्याने किंचित उकरली आणि म्हणाले, “म्हणजे ते आपले भाऊबंदच.” भाऊबंद लहान खरे, लक्षद्वीपच्या साऱ्या बेटांची जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, आणि एकटा यवतमाळ जिल्हा त्याच्या चारशेंहून अधिक पटींनी मोठा.

सगळा बेत असा जुळत असता खरी अडचण उभी राहिली. पुष्कळदा जहाज प्रवाळाच्या रांगेबाहेर खोल पाण्यात थांबते, कारण खाजणात ते शिरू शकत नाही. तेथून शिडीने खाली उतरून लहान नावेत बसावे लागते, आणि ती नाव लाटांवर वरखाली होत असते. हे कळताच बाबांनी, काकांनी आणि आत्याने एकमताने ठरविले की, आजींनी तिन्ही दिवस जहाजावरच थांबावे. डेकवर खुर्ची टाकू, तेथूनही समुद्र दिसतोच. त्यांच्या बोलण्यात माया होती, यात शंका नाही. पण विचारले मात्र कोणीच नव्हते.

आजींनी ते ऐकून घेतले, हातातली वात वळून पुरी केली आणि म्हणाल्या, “जहाजावर बसून राह्याचं असन त मी घरीच बरी. मले बेटावर पाय ठेवाचा हाय.”

“आई, गुडघे दुखतात ना तुझे?” बाबांनी विचारले.

“दुखतात. कळंबच्या चिंतामणीले खाली उतरतानाबी दुखतात. तिथं कोणी मले थांबवलं नाही.”

चिंतामणीचे ते मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे आणि दर्शनाला पायऱ्या उतरून जावे लागते, हे सर्वांनाच ठाऊक होते. कोणाला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. गच्चीच्या जिन्याला चौदा पायऱ्या होत्या. रोज सकाळी आजी त्या उतरू लागल्या, पुढे नात, मागे आई. परंतु पायऱ्या हलत नाहीत आणि नाव हलते. आत्याने चौकशी करून कळविले की, खलाशी दोन्ही दंड धरतात आणि लाटेबरोबर नाव अगदी वर आली की “आता” म्हणतात. त्याच क्षणी पाऊल टाकावयाचे, ना आधी ना नंतर. तेव्हा काकांनी बैल न जुंपलेली बंडी ओट्याशी आणून लावली. ते स्वतः जू धरून उभे राहिले आणि ते वरखाली करू लागले, तशी बंडीची मागची बाजू झोके घेऊ लागली. आजी ओट्याच्या कडेला उभ्या, नात बंडीत. बंडी वर आली की नात ओरडे, “आता!” पहिल्या दिवशी आजींचे पाऊल उचललेच नाही. दुसऱ्या दिवशी उचलले, पण उशिरा. आठवडाभरात शेजारची मुले हा खेळ पाहण्यास जमू लागली, आणि मग त्यांनाही बंडीत यावयाचे असे.

वहीत नवा बेत लिहिला गेला. प्रत्येक बेटावर एक गोष्ट सर्वांनी मिळून पाहावयाची. उरलेल्या वेळी दोघांदोघांनी, हवे तेथे जावे. एकटे कोणी फिरावयाचे नाही. जेवणाला सर्वांनी एके ठिकाणी यावे. आजींसाठी माडाखाली सावलीची एक जागा राखून ठेवावी, असेही बाबांनी मुद्दाम लिहवून घेतले.

एप्रिल संपता संपता मंडळी निघाली. नागपूरहून केरळकडे जाणाऱ्या गाडीत दीड दिवस गेला, आणि कोचीच्या धक्क्यावर जहाज पाहून नातवाने विचारले, “हे हालते तरी का?” ते हालते, हे बाबांना त्याच रात्री समजले. रात्रभर त्यांच्या पोटात काही ठरेना. आजी मात्र बाळाला मांडीवर घेऊन शांत झोपल्या.

सकाळी कवरत्ती दिसली. आधी माडांची हिरवी रेघ, मग पांढरी वाळू, आणि अलीकडे खाजणाचे असे निळे पाणी की नातीला त्या रंगासाठी शब्दच सापडेना. शिडी लागली. आजींनी पदर खोचला. खलाशाने दंड धरले, खाली नाव झोके घेऊ लागली. त्याने “आता” कोणत्या भाषेत म्हटले ते कोणाला कळले नाही. पण आजींचे पाऊल अचूक पडले.

माडाखालची सावलीची जागा बाबांच्या उपयोगी पडली. ते दुपारपर्यंत तेथेच आडवे होते. आजी मुलांसोबत काचेच्या तळाच्या नावेत बसल्या आणि पायाखालून जाणारे पिवळे, निळे मासे पाहू लागल्या. काही प्रवाळ रंगीत होते, काही हाडासारखे पांढरे. समुद्र फार तापला की प्रवाळांचा रंग जातो आणि पुष्कळ मरतात. २०१६ साली लक्षद्वीपमध्ये तसे घडले होते. “पाण्यातबी उन्हाळा लागते का?” आजींनी विचारले आणि पदराने डोळे पुसले, की चेहऱ्यावरचे खारे पाणी पुसले, ते सांगता येणार नाही.

आबाजींना विहीर सापडली. एका घराच्या परसात ती होती, आणि घरच्या वृद्ध गृहस्थांशी आबाजींची भाषा जुळत नव्हती. तरी दोघांनी हातांनीच पुष्कळ बोलून घेतले. पोहरा चार हातांतच पाण्याला लागला. आबाजींनी ओंजळभर पाणी तोंडात घेतले, क्षणभर तसेच धरले आणि मग गिळले. “मचूळ हाय,” ते नातीला म्हणाले, “पण पाणी हाय.” त्या गृहस्थांनी त्यांच्या दोरीकडे बोट दाखवून काही विचारले. आबाजींनी गावाकडच्या विहिरीची खोली हात पसरून पसरून दाखविली, तेव्हा ते गृहस्थ कितीतरी वेळ मान हलवीत राहिले.

दूर किनाऱ्यावर आई एकटीच वाळूत बसली होती. नातवाला तिला शिंपला दाखवावयाचा होता, पण नातीने त्याचा हात धरून ठेवला. तास संपण्यास अजून दहा मिनिटे होती.

सायंकाळी नाव परत जहाजाला लागली. तेव्हा नातीच्या एकदम ध्यानात आले की, इतके दिवस तालीम केली ती उतरण्याची. नावेतून शिडीवर चढण्याचा विचार कोणीच केला नव्हता. पुढे तिचीच पाळी होती. नाव खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. तिचे पाऊल उचलेना. पाठीवर एक सुरकुतलेला हात आला. आजी लाटेकडे पाहत होत्या.

“थांब,” त्या म्हणाल्या. “थांब, पोरी… आता!”