एअर फिल्टर आणि दम

मोटरसायकलचा एअर फिल्टर कुणाच्या नजरेत येत नाही. टायर झिजला की दिसतो, चेन सैल झाली की आवाज करते. फिल्टर सीटखाली किंवा बाजूच्या झाकणामागे एका डब्यात गुपचूप बसलेला असतो. इंजिनात जाणारी सगळी हवा त्याच्यातूनच जाते. एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण ११ किलो, म्हणजे नऊ हजार लिटरच्या आसपास हवा लागते. माणूस दिवसभरात दहा-अकरा हजार लिटर हवा आत घेतो. हा हिशोब मी एकदा वर्गात फळ्यावर मांडला, तेव्हा एका मुलाने विचारलं, "सर, मग आपला फिल्टर कुठे असतो?"

माझ्या भाच्याने डोंगरात फिरायला म्हणून उंच, लांब शॉकची हिरो एक्सपल्स घेतली. डोंगर वर्षातून दोनदा. बाकी दिवस लालबाग, परळ, दादर आणि गिरगाव. तो म्हणतो, "मामू, ऑफरोडिंगला कर्जतला कशाला जायचं?" त्याचं म्हणणं खोटं नाही. गिरगाव-काळबादेवीत मेट्रो ३ चं खोदकाम कित्येक वर्षं चाललं, ऑक्टोबर २०२५ मध्ये ती लाइन कफ परेडपर्यंत सुरू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतला. नायगाव, ना. म. जोशी मार्ग, वरळी इथल्या बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. गिरण्यांच्या जागेवर तर आधीच राहिलेत. या सगळ्याची माती आणि सिमेंट कुठेतरी जातंच.

मातीतल्या शर्यतीच्या गाड्यांना, ज्यांची सुपरक्रॉस लीग जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात सुरू झाली, बहुधा फोमचा फिल्टर असतो. शर्यत झाली की तो काढून धुतात. रॉकेलमध्ये किंवा फिल्टरसाठीच्या क्लीनरमध्ये बुडवून दाबायचा. पिळायचा नाही, पिळला की फोम फाटतो. पेट्रोल वापरायचं नाही, आगीचा धोका असतो आणि फोमही खराब होतो. मग साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवायचा आणि फिल्टर ऑइल सगळीकडे सारखं लावून जास्तीचं दाबून काढायचं. धूळ त्या चिकट तेलालाच धरून राहते. कोरडा फोम बसवला तर बारीक धूळ सरळ आत जाते.

आपल्या रोजच्या गाड्यांत बहुतेक कागदी फिल्टर असतो. त्यात दोन जाती. कोरडा कागद असेल तर हलक्या हाताने आपटून, आतून बाहेर बेताची हवा मारून काही काळ चालवता येतो. तेलात भिजवलेला कागद असेल तर धुवायचाही नाही आणि हवाही मारायची नाही, सरळ बदलायचा. कोणता आहे ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. बदलायचा किलोमीटरचा आकडाही असतो, आणि धुळीत चालवत असाल तर त्याआधी बदला, असंही असतं. मुंबईकराने ती ओळ आपल्यासाठीच आहे असं समजावं. फिल्टर ऑपेरा हाऊसच्या मोटर पार्ट्सच्या दुकानांत मिळतो, काही शे रुपयांत.

काम घरच्या घरी होतं. झाकणाचे स्क्रू काढा, फिल्टर बाहेर घ्या, इंजिनाकडे जाणारं तोंड स्वच्छ फडक्याने झाका. डबा ओल्या कापडाने पुसा. नवा फिल्टर बसवताना रबरची कड सगळीकडे बसली आहे ना ते बोटाने चाचपा. कडेला फट राहिली तर फिल्टर असून नसल्यासारखा.

मी हे गॅरेजवर सोडत नाही, त्याचं कारण अब्बा. ते परळच्या एका गिरणीत सांचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. अब्बा परत गिरणीत गेले नाहीत, पण गिरणी त्यांच्या छातीतून गेली नाही. रात्री उशीला टेकून बसलेले अब्बा मला आठवतात. त्यांचे दोस्त ब्लो रूम आणि कार्डिंगमधले, तिथे कापसाची धूळ सर्वांत जास्त. ते घरी आले की दोन जिने चढून आधी बसायचे, मग सलाम करायचे. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की छाती आवळून येते, ही त्याची सुरुवातीची खूण. एक्स-रेमध्ये तो नीट दिसत नाही. कामगार भरपाईच्या कायद्यात त्याचं नाव आहे, पण दम लागतो हे सिद्ध कसं करायचं? विडी ओढता ना, असं म्हटलं की विषय संपायचा.

भाषेचा शिक्षक म्हणून मला 'दम' या शब्दाचं नेहमी नवल वाटतं. फारसीत दम म्हणजे श्वास. उर्दूत तो आला आणि मराठीतही घरचा झाला. दम धर, दम खा, दम लागला, दमा झाला. परळच्या चाळीत पाटील आणि अन्सारी दोघेही डॉक्टरला हाच शब्द सांगायचे.

माझा एक जुना विद्यार्थी, आता १९ वर्षांचा, एका गॅरेजमध्ये हेल्पर आहे. दिवसाला पंधरा-वीस गाड्या. फिल्टर काढायचा, कॉम्प्रेसरची नळी लावायची, फुर्रर्र. गाडीने महिनोन्‌महिने अडवून ठेवलेली धूळ एका क्षणात त्याच्या तोंडावर. ब्रेक ड्रमलाही तेच. लालबागच्या मसाला गल्लीत मिरची कांडणारे तोंडाला फडकं बांधतात, कारण मिरची लगेच ठसका देते. ही धूळ ठसका देत नाही, म्हणून तिची भीती वाटत नाही. कापसाचीही वाटत नव्हती.

मी त्याला एन-९५ मास्कचं पाकीट नेऊन दिलं. तो हसला, "सर, उस्ताद चिडवतील." मग उस्तादांशीच बोललो. ते म्हणाले, गरम होतं, पोरं काढून टाकतात. बरोबर आहे, गरम होतं. तरी ड्रम हवा मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायचे आणि तेलकट कागदाचे फिल्टर न फुंकता बदलायचे, इतकं त्यांनी कबूल केलं. मागच्या आठवड्यात गेलो तर मास्क गळ्यात लटकत होता. मला बघून त्याने वर ओढला. मी काही बोललो नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा जाईन.

तुम्ही गाडी सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा फिल्टर कोणत्या जातीचा आहे ते विचारा, आणि बदलायचा असेल तर पैसे वाचवायला फुंकायला सांगू नका. तिथल्या मुलाच्या तोंडावर काय आहे, तेही बघून घ्या.