सैल तुलना आणि सातबारा

पीएचपीत दोन गोष्टी सारख्या आहेत का हे विचारायच्या दोन पद्धती. दोन बरोबरचिन्हं (==) म्हणजे सैल तुलना, तीन (===) म्हणजे कडक. कडक तुलना किंमतही बघते आणि प्रकारही. सैल तुलना म्हणजे गल्लीतले समजूतदार काका: "जाऊ द्या हो, एकच आहे ते!"

आता गंमत बघा. उचगावात काय किंवा कुठल्याही गावात काय, जमिनीचा विषय निघाला की गट नंबर आलाच. समजा, गट १२ चे दोन भावांत पोटहिस्से पडले, १२/१ आणि १२/२. (अंक इंग्रजीत टाईप केलेत असं धरा.) एका बाजूला १२ हा आकडा, दुसऱ्या बाजूला "१२/१" ही स्ट्रिंग. पीएचपी ७ पर्यंत == चं उत्तर: सारखेच! कारण आकड्याशी तुलना करताना ते स्ट्रिंगच्या सुरुवातीचे अंक उचलायचं आणि तिरक्या रेघेपासून पुढचं सोडून द्यायचं. "१२/२" पण १२ च. बांधावरून भावकी कोर्टात जाते, आणि इथं भाषेनं बांधच पुसला की राव!

आणि तेच अंक देवनागरीत टाईप केले तर? पीएचपीला ते अंक वाटतच नाहीत. त्यामुळे देवनागरी "१२" ही १२ च्या बरोबर नाही, शून्याच्या मात्र बरोबर! ओळखीचा अंक दिसला नाही की शून्य, असा सरळ हिशोब.

अर्थात याला कारण होतं. १९९५ मध्ये रास्मुस लेरडॉर्फने पीएचपी लोकांपुढे ठेवली ती वेबपानांसाठी, आणि फॉर्ममध्ये भरलेलं सगळं स्ट्रिंग म्हणूनच येतं. "५" आणि ५ एकच मानणं सोयीचं होतं. २६ नोव्हेंबर २०२० ला आलेल्या पीएचपी ८ ने वरचे दोन्ही घोळ मिटवले. स्ट्रिंग पूर्ण आकडा नसेल तर आता आकड्याचीच स्ट्रिंग करून तुलना होते. पण "०९" आणि "९" या दोन स्ट्रिंग == ला आजही सारख्याच वाटतात.

तेव्हा === वापराच. पण खरी गोम वेगळीच आहे. आपण गट 'नंबर' म्हणतो, पण त्याची बेरीज कधी कुणी केलीय का? ते जमिनीचं नाव आहे. फोन नंबर, पिन कोड यांचंही तेच. बेरजेला अर्थ नसेल तर तो आकडा नाही. सरळ स्ट्रिंग म्हणून ठेवा. काकांना मध्ये पडायची वेळच येणार नाही.